दुपारपुरते मास्तर

त्यांना पोरं जांभईमास्तर म्हणायची. तोंडावर नाही, पण मास्तरांना ते ठाऊक होतं. त्यासाठी कुणाचा कान पिळायचा तर आधी खुर्चीतून उठावं लागलं असतं, आणि एकदा खुर्चीत अंग टाकलं की उठणं मास्तरांच्या जिवावर यायचं. पोरं डुलत डुलत पाढे म्हणत असायची आणि मधेच मास्तरांना अशी जांभई यायची की जबड्याचं हाड कट्‌कन वाजायचं. मग ती पहिल्या बाकावरच्याला लागायची, त्याच्या मागच्याला लागायची, आणि बघता बघता शेवटच्या भिंतीपर्यंत पोचायची. सगळा वर्ग आ वासून बसलाय आणि पाढा तेराच्या पुढे सरकत नाही, असं वरचेवर व्हायचं.

मास्तर आळशी आहेत असं मात्र कुणी कधी म्हटलं नाही. वर्गात येईपर्यंत त्यांचा एक दिवस संपलेला असायचा. उजाडायच्या आत गोठा, मग नांगर, कुळव नाहीतर खुरपं, जो हंगाम असेल ते. ऊन चढलं की बैल सोडायचे, ओढ्यावर पाय धुवायचे आणि खांद्यावरचा सदरा अंगात चढवत शाळा गाठायची. शाळा सुटली की सदरा पुन्हा खांद्यावर आणि मास्तर पुन्हा शेतात. गावात दुसरा शिकवणारा नव्हता आणि घरात दुसरा नांगर धरणारा नव्हता. आपण दोन्हीकडे थोडे थोडे कमीच पडलो, असं ते स्वतःच म्हणत.

रेल्वे अजून त्या भागात पोचली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. मास्तरांचा जन्म शेतकऱ्याच्या घरातला. जमीन स्वतःची, पण उतारावरची आणि दगडगोट्यांची. दरवर्षी दगड वेचून बांधावर टाकायचे आणि पुढच्या वर्षी तेवढेच पुन्हा वर आलेले असायचे, जसं काही खालून कुणी पेरतंय. असल्या जमिनीवर पोटाला पुरेल एवढं पिकवायचं तर घरातल्या प्रत्येकाने हाडं झिजवायची, एवढाच एक मार्ग होता. पोरगा चालायला लागला तसा वडिलांनी त्याला कामाला लावला. शाळा गावात नव्हतीच, त्यामुळे ती बुडण्याचा प्रश्न नव्हता.

मिसरूड फुटायच्या वयात तो भरल्या गाडीवरून खाली आला आणि गाडीचं चाक पायावरून गेलं. हाड बसवणाऱ्याने पायाला फळ्या बांधल्या आणि हलायचं नाही म्हणून बजावलं. त्याच सुमारास जमीन मोजणारी माणसं गावात आली होती. त्यांच्यातल्या एका कारकुनाला ताप भरला, आणि त्याचे सोबती त्याला यांच्या घरी टेकवून पुढे गेले. घरात मोकळी खोली एकच. एका भिंतीला पाय मोडलेला पोरगा, दुसऱ्या भिंतीला कारकून. कारकुनाचा ताप उतरला पण अंगात ताकद येईना, आणि स्वभाव पडला बडबड्या. ऐकायला एकच माणूस, तोही पळून जाऊ न शकणारा. सगळ्या गप्पा संपल्यावर कारकुनाने त्याला अक्षरं शिकवायला घेतलं. वेळ जावा म्हणून, दुसरा काही हेतू नव्हता. पाय जुळेपर्यंत पोरगा वाचायला लागला, हिशोब करायला लागला, आणि जमीन कशी मोजतात तेही त्याला कळलं. कारकून निघताना आपली तीन पुस्तकं त्याच्या उशाशी ठेवून गेला. पाय जुळला तो किंचित तिरकाच.

एवढं शिक्षण त्या गावात कुणाचंच नव्हतं. पुढे काही वर्षांनी गिरणीवाल्याच्या मनात आलं की गावात शाळा हवी. ओढ्यावर त्याची पाणचक्की होती आणि गावात त्याच्या शब्दाला वजन होतं. तो उठून यांच्या घरी आला. मुलगा तेव्हा चांगला बाप्या झाला होता, पण विचारायचं ते वडिलांनाच विचारलं. वडिलांनी हातातला दोर वळून संपवला. मग म्हणाले, "सकाळ माझी, संध्याकाळ माझी. मधली दुपार तुला घेऊन जा."

गिरणीवाला कबूल झाला. मुलाला कुणी विचारलं नाही. दोन-तीन वर्षांत वडील वारले. अट घालणारा गेला, अट मात्र तशीच राहिली, कारण जमीन होती तिथेच होती आणि तिला नांगरणारा आता एकटाच उरला होता.

शाळा म्हणजे पाणचक्कीला लागून असलेली धान्याची जुनी कोठी. खिडकी एक, तीही उंचावर. दगडांवर फळ्या टाकून बाकं केली होती, आणि एक मोडका दरवाजा काळा रंगवून भिंतीला टेकवला होता, तो फळा. पिठाचा धुरळा सगळीकडे. पोरं घरी जायची ती केस पिकल्यासारखी. जातं चालू असलं की जमीन थरथरायची आणि कुणाचं कुणाला ऐकू येत नसे, म्हणून मास्तर ओरडायचे आणि पोरंही ओरडायची. मधेच गिरणीवाल्याने पाणी अडवलं की जातं थांबायचं, आणि त्या शांततेत 'सात साते एकोणपन्नास' असं सगळ्या गावाला ऐकू जायचं.

मास्तर कुणाला मारत नसत. आयाबाया त्यांचं कौतुक करायच्या, की किती मायाळू माणूस. मास्तर म्हणायचे, "माया कसली? हात उचलायला अंगात जोर लागतो."

लग्न झालं ते शेजारच्या गावातल्या मुलीशी. अंगापिंडाने मजबूत, जिभेने त्याहून. मुलगा मास्तर आहे म्हणून तिच्या घरच्यांनी होकार दिला होता. ती सासरी आली आणि चौथ्या-पाचव्या दिवशीच तिच्या हातात खुरपं आलं. ती पुढे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "मला सांगितलं होतं मुलगा मास्तर आहे. तो फक्त दुपारपुरता मास्तर आहे, हे कुणी सांगितलं नाही." तिला स्वतःला अक्षर ओळखू येत नव्हतं, तरी सगळं गाव तिला मास्तरीणबाई म्हणायचं. ती चिडायची नाही. म्हणायची, हाक फुकट मिळतेय, असू दे.

त्यांना एक मुलगी झाली आणि तिच्या मागून तीन वर्षांनी एक मुलगा. मुलाच्या वेळी बायकोला जोराचा ताप आला, पण ती त्यातून उठली. मुलगी लहानपणापासून बापाबरोबर शाळेत जायची. बसायला लागली तेव्हापासून कोठीतल्या एका कोपऱ्यात असायची. थोडी मोठी झाल्यावर बापाची मान पडू लागली की तीच उठून लहान पोरांच्या पाट्या बघायची, चुकलेलं पुसायची, नीट काढून द्यायची. मास्तर दचकून जागे व्हायचे तेव्हा काम झालेलं असायचं. ते तिच्याकडे बघून मान हलवायचे आणि पुढचा धडा काढायचे. वयात आल्यावर ती घरकामात आणि शेतात अडकली, पण पेरणी-कापणीच्या दिवसांत, बापाचे डोळे अगदीच मिटायला लागले की, दुपारी येऊन जायची. त्याचं कुणाला विशेष वाटत नव्हतं. घरातली माणसं एकमेकांची कामं उचलतातच.

मग एका पेरणीच्या हंगामात मास्तर नांगरामागे चालता चालता झोपले. खरंच झोपले, पाय चालू होते. तिरका पाय ढेकळात अडकला, ते पुढे कोसळले, बैल बिथरले आणि नांगर कलंडून फाळ त्यांच्या पावलावर आला. दोन बोटं गेली. गिरणीवाला बघायला आला, तेव्हा मास्तर खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले की, "आता हे निभत नाही."

गिरणीवाला स्वतः तालुक्याला जाऊन बसला, हातापाया पडला, आणि शेवटी एक नवा मास्तर घेऊनच परतला. शिकवण्याचं शिक्षण घेतलेला, पंचविशीतला, शिडशिडीत. बरोबर पुस्तकांची पेटी आणि पृथ्वीचा लाकडी गोल. त्याला राहायला जागा हवी होती, आणि मोकळी खोली मास्तरांच्याच घरात होती.

नवा मास्तर चांगला होता. हे मास्तरांनी पहिल्या आठवड्यातच ओळखलं. लंगडत लंगडत जाऊन ते कोठीच्या दारात थोडा वेळ उभे राहिले होते. पोरं हसत होती, प्रश्न विचारत होती, आणि एकालाही जांभई आली नव्हती. मास्तर तसेच मागे फिरले. बायकोने विचारलं, कसा शिकवतो? मास्तर म्हणाले, "माझ्यापेक्षा बरा." आणि त्यांना त्याचं वाईट वाटलं नाही. खांद्यावरून पोतं उतरवल्यावर माणसाला वाटतं तेवढंच वाटलं.

पाऊल भरून आल्यावर मास्तर नुसते शेतकरी झाले. दुपारी बैल सोडल्यावर पुढे काय करायचं हे त्यांना कळेना. काही दिवस ते ओढ्यावर नुसते बसून राहिले. मग घरी येऊन झोपायला लागले. इतक्या वर्षांची झोप होती, ती काही केल्या संपेना. जेवायच्या वेळी उठवावं लागायचं. हळूहळू गालांवर मांस आलं. मग ते स्वयंपाकघरात येऊन बसायला लागले, आणि हे तिथे का ठेवलंस, ते तसं का करतेस, म्हणून विचारायला लागले.

बायको म्हणाली, "शाळेत होतात तेच बरं होतं."

पण ती हसत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि दोघं बोलली होती ती बैलांविषयी, बियाण्याविषयी, छपराविषयी. आता दुपारची दोघं वरच्या शेताकडे चालत जायची. काम असो नसो. अशाच एका दुपारी मास्तर तिला काही सांगत होते आणि ती उत्तरच देत नव्हती. त्यांनी पुन्हा विचारलं. ती समोर बघत चालतच राहिली. त्यांना राग आला, आणि तेवढ्यात काय वाटलं कुणास ठाऊक, ते मागून वळसा घालून तिच्या उजव्या बाजूला गेले आणि हळूच म्हणाले, "ऐकू येत नाही का तुला?"

"येतं की."

"मघाशी?"

"मघाशी तुम्ही काय बोललात?"

तेव्हा कळलं. डावा कान पूर्ण गेला होता. मुलाच्या वेळच्या तापात गेला, ती म्हणाली, अगदी सहज, घागर फुटली म्हणावं तसं. मास्तर नेहमी तिच्या डावीकडून चालत. अंथरुणातही डावीकडेच निजत. इतकी वर्षं त्यांना वाटत आलं होतं की ही आपल्याला किंमत देत नाही. आणि तिला वाटत आलं होतं की हा माणूस तोंडातल्या तोंडात बोलतो.

"सांगितलं का नाहीस?"

"कधी सांगणार? तुम्ही जागे कधी होतात?"

त्यानंतर ते उजवीकडून चालायला लागले. ते दीड-दोन वर्षं त्या दोघांच्या संसारातले सगळ्यात चांगले दिवस होते. पुढे मास्तर स्वतःच तसं म्हणत.

मुलगी तेव्हा एकोणीस-वीसची. नवे मास्तर त्यांच्याच घरी जेवत, संध्याकाळी अंगणात बसून पुस्तक वाचत. मुलगी भांडी घासता घासता मधेच त्यांना अडवायची, हे असं कसं म्हणून. मग वाद व्हायचा. आईच्या एका कानाला जेवढं ऐकू आलं तेवढ्यात तिला सगळं समजलं. मास्तरांना मात्र काही समजलं नाही. वाद पुस्तकाविषयी चाललाय असंच त्यांना वाटत होतं.

गहू कापणीला आला होता. मुलगी आणि मास्तर शेजारशेजारच्या ओळी कापत होते. ती कमरेत वाकलेली तशीच, विळा न थांबवता म्हणाली की नव्या मास्तरांना शहरातल्या मोठ्या शाळेत जागा मिळालीय. ते जाणार. आणि आम्ही लग्न करायचं ठरवलंय, तुमची ना नसेल तर.

मास्तर सरळ झाले. त्यांच्या तोंडून निघालं, "आणि शाळा?"

मुलीचा विळा थांबला. "बाबा, मी लग्नाचं सांगतेय."

"हो, हो," मास्तर म्हणाले. "चांगलं आहे. चांगलं आहे." पण बोलायचं ते बोलून झालं होतं. ती पुन्हा वाकली आणि ओळ कापत पुढे गेली.

लग्न साधंच झालं. पुस्तकांची पेटी, पृथ्वीचा गोल आणि मुलगी, सगळं एकाच गाडीतून गेलं. गाडी वळणाआड झाली तरी बायको रस्त्यात उभी होती. मग म्हणाली, "विसावा आला होता, जावई होऊन गेला."

पंधरा दिवसांत गिरणीवाला दारात हजर. तालुक्याहून दुसरा माणूस मिळत नाही म्हणाला. या वेळी मास्तरांनी नाही म्हणून सांगितलं. तो पुन्हा आला. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा तो आलाच नाही, पण शाळेत न जाणारी पोरं ओढ्यात दिवसभर डुंबत असायची, आणि मास्तर बैल धुवायला गेले की गप्प होऊन त्यांच्याकडे बघायची. ते त्यांना सोसलं नाही. एका दुपारी त्यांनी सदरा अंगात घातला आणि कोठीचं दार उघडलं. आत उंदरांनी संसार थाटला होता.

पहिल्यासारखंच सगळं सुरू झालं, फक्त अंग पहिल्यासारखं राहिलं नव्हतं. सकाळी दोन बोटं गेलेल्या पावलावर भार देऊन नांगर रेटायचा आणि दुपारी ओरडून ओरडून घसा बसवायचा. घरी आले की भिंतीला टेकून बसायचे आणि जेवणाचं ताट पुढे आलं तरी हात पुढे व्हायचा नाही. मुलगा हे बघत होता. तो आता बापाहून वरचढ झाला होता, कमी बोलणारा, कामाला वाघ. एक दिवस बांधावर त्याने बापाला थांबवलं.

"बाबा, एक धरा. शाळा धरा नाहीतर शेत धरा. दोन्हीकडे अर्धे अर्धे येता, ते आम्हाला पुरत नाही."

मास्तरांना हे लागलं. वडिलांची अट त्यांनी जन्मभर पाळली होती. ती अशी एका वाक्यात मोडता येते हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. तरी सवयीने दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत गोठ्यात गेलेच. मुलाने त्यांच्या हातातून कासरा काढून घेतला आणि घराकडे बोट दाखवलं. असं बरेच दिवस चाललं. शेवटी मास्तरांनी सकाळचं उठणं तेवढं ठेवलं. उठायचे आणि अंगणात नुसते बसून राहायचे.

बायकोचा उजवा कानही आता उतरत चालला होता. आधी हळू बोललेलं गेलं, मग हाका गेल्या, मग गोठ्यातल्या गायीचं हंबरणं गेलं. मास्तर तोंड कानाशी नेऊन ओरडायचे. ती दचकायची आणि रडकुंडीला यायची. भांडण करायचं म्हटलं तरी करता येईना, आणि त्या घरात भांडणाशिवाय दिवस सुना जायचा. मुलाचं नुकतंच लग्न झालं होतं. सून बिचारी हातवाऱ्यांनी जमेल तेवढं समजावायची आणि सासू भलतंच समजून भलतंच करायची. होता होता ती कुणाशी बोलेनाशीच झाली. चुलीपाशी बसून राहायची.

मास्तरांनी एक दिवस शाळेतून येताना पाटी आणली. बायकोने ती बघितली, त्यांच्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. या वयात, असं तिला म्हणायचं होतं. मास्तर तिच्या शेजारी बसले. दुपारभर दुसऱ्यांच्या पोरांना गिरवून दिलेलं तेच पुन्हा गिरवून दाखवायला त्यांचा हात उठत नव्हता. बोटं अक्षरशः वळत नव्हती. तरी त्यांनी काढलं. चूल. मग चुलीकडे बोट दाखवलं. पाणी. गाय. 

ती हट्टी विद्यार्थिनी निघाली. चुकलं की पाटी आपटायची, बरोबर आलं की काहीच दाखवायची नाही. मास्तर कधी पेन्सिल हातात धरून बसल्या बसल्याच पेंगायचे, मग ती त्यांना कोपराने ढोसायची. पण रोज संध्याकाळी, कामं आटोपली की, पाटी आपणहून काढून बसायची. शाळेत या माणसाने कुणाला काय शिकवलं असेल ते असो, पण तिला शिकवलं हे खरं. वर्षाच्या आत ती लिहायला लागली. काना-मात्रा कुठेही पडायच्या, पण वाचता यायचं. तिने मनाने लिहिलेलं पहिलं वाक्य होतं, 'ओरडू नका.' त्यानंतर पाटीला उसंत राहिली नाही. गायीला पाणी पाजलं का. सून मीठ जास्त टाकते. गिरणीवाल्याने पिठात कोंडा मिसळलाय, त्याला सांगा, नाहीतर मी सांगते. इतक्या दिवसांचं तुंबलेलं भांडण पाटीवरून वाहायला लागलं, आणि घरातल्या सगळ्यांना बरं वाटलं.

एकदा संध्याकाळी मास्तर शाळेतून आले आणि उंबऱ्यावरच बसले. आत यायचंही अंगात नव्हतं. बायको पाटी घेऊन आली आणि शेजारी बसली. तिने एकच शब्द लिहिला. 'दमलात.' प्रश्नचिन्ह त्यांनी तिला शिकवलं नव्हतं, म्हणून ती विचारतेय की सांगतेय ते कळायला मार्ग नव्हता. इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. आईने नाही, वडिलांनी नाही, गावाने नाही. त्यांनी तिच्या हातातून पेन्सिल घेतली, थोडा वेळ तशीच धरून ठेवली आणि खाली लिहिलं, 'हो.'

तिने वाचलं, पुसलं आणि जेवायला वाढायला गेली.

पुढच्या थंडीत ती आजारी पडली. छातीत कफ धरला आणि उतरेना. मुलीला निरोप गेला आणि ती शहरातून आली. मधल्या काळात ती दोनदा-तीनदा येऊन गेली होती, पण पाहुण्यासारखी. या वेळी राहिली. दिवसभर आईजवळ बसायची. दोघींचं पाटीवर काय चालायचं ते त्यांनाच माहीत. आईला लिहिता येतंय हे बघून मुलगी पहिल्या दिवशी बाहेर जाऊन रडली होती.

एका सुट्टीच्या दुपारी आईचा डोळा लागला असताना मास्तर आणि मुलगी अंगणात शेंगा सोलत बसले होते. मास्तर म्हणाले की, "तू लग्नाचं सांगितलंस तेव्हा मी शाळेचं विचारलं. ते मला विचारायचं नव्हतं. मी फक्त दमलो होतो."

"माहीत आहे मला," मुलगी म्हणाली. ती थोडा वेळ शेंगा सोलत राहिली. "बाबा, राग त्याचा नव्हता. शाळा कोण बघणार म्हणून तुम्ही विचारलंत, आणि मी तुमच्यासमोर उभी होते. लहान पोरांना कोण शिकवत होतं तुमची मान पडायची तेव्हा? तू घे शाळा, असं तुम्ही म्हणू शकला असता. आम्ही थांबलोही असतो. ते तयार होते. तुमच्या मनातसुद्धा आलं नाही."

ती म्हणत होती ते खरं होतं. मास्तरांच्या मनात खरोखरच आलं नव्हतं. तेव्हाही नाही, आणि नंतर ओढ्यातल्या पोरांकडे बघताना, कोठीतले उंदीर हाकलताना, घसा बसवून घेताना, कधीच नाही. उत्तर घरात होतं, त्यांच्या हाताखाली वाढलं होतं, आणि ते झोपेच्या तारेत त्याच्याकडे बघून मान हलवत राहिले होते.

"तिथे शिकवतेस का?" मास्तरांनी विचारलं.

"हो. सकाळी मुली येतात घरी. ओसरी भरून जाते."

"बऱ्या आहेत?"

"दोघी-तिघी चांगल्या आहेत. बाकीच्या झोपतात," मुलगी म्हणाली, आणि दोघांनाही थोडं हसू आलं. फार नाही. आतून खोकल्याचा आवाज आला तशी ती उठून गेली.

थंडी सरायच्या आधीच आई गेली. मुलगी महिनाभर थांबून शहरात परतली. जाताना मास्तरांना म्हणाली, माझ्याकडे चला. ते नाही म्हणाले आणि तिने आग्रह केला नाही.

मास्तरांनी गिरणीवाल्याकडे जाऊन कोठीची किल्ली दिली. गिरणीवालाही आता म्हातारा झाला होता आणि चक्की त्याचा मुलगा बघत होता. दोघं बराच वेळ बाकावर बसून राहिले. शाळा काही वर्षं बंदच पडली. ज्यांना शिकायचं होतं ती पोरं पलीकडच्या गावी चालत जायची. कोठीत पुन्हा धान्य भरलं गेलं. वाटेत कुणी जुना विद्यार्थी भेटला तर मास्तरांची चौकशी करायचा. बहुतेक सगळे शेतकरीच झाले होते. कुणी म्हणायचा, तुमच्यामुळे वाचता येतं. मास्तर म्हणायचे, बरं झालं.

त्यांची झोप मात्र गेली होती. ज्या माणसाला जन्मभर उभ्या उभ्या झोप यायची, तो आता आडवा पडून छताकडे बघत राहायचा. मुलगा पूर्वीसारखा त्यांना शेतातून हाकलत नसे. वाटाण्याच्या वेलांना काठ्या लावायचं काम त्याने बापासाठी राखून ठेवलं होतं, कारण ते बसून करता येत होतं. सून जेवण शेतातच आणून द्यायची. नातीला त्यांनी थोडंफार शिकवलं, पण नेटाने नाही. तिलाही फारशी हौस नव्हती. तिला गुरं आवडायची.

एका वसंतात, वाटाणा फुलावर असताना, त्यांनी काम करता करता काठी बाजूला ठेवली आणि बांधाला टेकून बसले. मुलगा पलीकडे कुळव चालवत होता. त्याने दोन-तीनदा बघितलं. बापाचा डोळा लागलाय असं त्याला वाटलं. किती दिवसांनी लागलाय, झोपू दे, म्हणून त्याने बैलांना ओरडायचंही टाळलं आणि नुसत्या कासऱ्याने वळवत राहिला. पट्टा पूर्ण करूनच तो त्यांना उठवायला गेला, पण मास्तर उठले नाहीत.